डावा गाल

माणसाच्या चेहऱ्यात चाळीसच्या वर स्नायू असतात आणि ते हलवायला नसा दोनच. एक उजवीकडची, एक डावीकडची. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोळातून ही नस बाहेर येते. तिला सूज आली तरी हाडाला काही पसरता येत नाही. मग नसच चेंगरते, आणि सकाळी चूळ भरायला गेलेल्या माणसाच्या तोंडातून पाणी एका बाजूने गळायला लागतं.

माझ्या दादाला हे चूळ भरताना कळलं नाही. त्याला कळलं मैदानावर. ऑगस्टातला गुरुवार होता. विट्याच्या शाळेत कबड्डीचा सराव चालू होता. त्याने शिट्टी ओठात धरून फुंकली आणि ती वाजलीच नाही. हवा डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून फुस्सकन निघून गेली. पोरं हसली. शिट्टी बिघडली असेल म्हणून दादाने दुसरी मागवली, मग तिसरी. तिसरीही वाजेना तेव्हा एका पोराने सांगितलं, "सर, तुमचं तोंड वाकडं झालंय."

दादा म्हणजे राजाराम मोहिते. शाळेत पी.टी.चा मास्तर आणि जिल्ह्यात नावाजलेला कबड्डीचा पंच. मी त्याची धाकटी बहीण वैजयंता. विट्यात बसस्टँडच्या मागे माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. लोकांचे आखडलेले खांदे आणि गेलेले चेहरे सरळ करणं हाच माझा धंदा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी व्यायाम सुरू केले. आरशासमोर बसायचं, गाल फुगवायचा, भुवया उचलायच्या, प फ ब भ म्हणायचं आणि हसायचं. मुख्य म्हणजे हसायचं. नस परत जागी होत असते तेव्हा स्नायूला काम द्यावं लागतं. बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत ठीक होतं, असं मी त्याला सांगितलं.

"ठीक होणार आहे ना? मग अन्वीला सांगायचं नाही," दादा म्हणाला.

अन्विता त्याची एकुलती एक. तीनच आठवड्यांपूर्वी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली होती.

"ती काय परकी आहे का?" मी म्हणाले.

"वैजू, ती बॅग घेऊन परत येईल. पहिलं सेमिस्टर बुडेल. तुला अन्वीचीच शपथ आहे."

शपथही घातली ती कुणाची, तर तिचीच. दादाचं हे असंच. मी गप्प बसले. वहिनीला तर त्याने आधीच गप्प केलं होतं. ती बिचारी ताटात वाढताना पुटपुटायची, "तोंडावरनं वारं गेलंय माणसाच्या, आन म्हणं पोरीला सांगू नगा."

पहिले काही आठवडे दादाने पोरीला नुसता आवाज ऐकवला. "कॅमेऱ्यात पाणी गेलंय," असं खुशाल ठोकून दिलं. सप्टेंबरच्या शेवटी गाल थोडा सावरला. दादा गप्प बसला की चेहरा अगदी पूर्वीसारखा सरळ दिसायचा. हसला की मात्र उजवा कोपरा वर जायचा आणि डावा जागच्या जागी. "आता फारसं कळत नाही," असं म्हणून त्याने व्हिडिओ कॉल सुरू केले. रोज संध्याकाळी साडेसहाला, शाळेचा टी-शर्ट घालून, केस विंचरून तो फोनसमोर बसायचा.

आता मनकवड्याबद्दल सांगायला हवं. तुमच्या घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल तर तुम्हाला ते ठाऊक असेलच, पण मला तेव्हा जुजबीच माहीत होतं. पोरांचं फोटो टाकणं, गप्पा, व्हिडिओ कॉल सगळं ज्या अ‍ॅपवर चालतं, मनकवडा ही त्यातलीच सोय. कॅमेरा समोरच्याचा चेहरा वाचतो. कुठला स्नायू किती हलला, हृदयाच्या ठोक्यागणिक कातडी किती लाल झाली, आवाज किती चढला, हे सगळं मोजतो आणि त्या माणसाच्या हनुवटीखाली एक रंगीत पट्टी दाखवतो. हिरवी म्हणजे खूश नाहीतर शांत. पिवळी म्हणजे कंटाळा. लाल म्हणजे राग. जांभळी म्हणजे तुच्छता. पट्टी फोनवर दिसते, आणि डोळ्यांवर त्याला जोडलेला बारीक काड्यांचा चष्मा असेल तर समोर बसलेल्या माणसाखालीही दिसते. अन्वीच्या वयाची पोरं आठवी-नववीपासून हा चष्मा वापरतायत.

हे यंत्र शिकलं कसं, तर लाखो चेहऱ्यांचे फोटो माणसांपुढे ठेवले आणि त्यांच्याकडून एकेकाला नाव देऊन घेतलं. हा राग, हा आनंद. नाव देणाऱ्यांना नियमांची यादी दिली होती. त्यातला एक नियम असा, की ओठाचा एकच कोपरा वर गेला आणि दुसरा हलला नाही तर ती तुच्छता समजावी. धडधाकट चेहऱ्यांपुरता हा नियम बराचसा खरा आहे. आरशात करून बघा, तुमचा तुम्हालाच राग येईल असं तोंड दिसेल. पण त्या लाखो फोटोंत वारं गेलेले चेहरे जवळजवळ नव्हतेच. ज्याला एकच कोपरा उचलता येतो असाही माणूस जगात असतो, हे त्या यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे दादा जेव्हा जेव्हा पोरीकडे बघून हसायचा, तेव्हा तेव्हा त्याच्या हनुवटीखाली जांभळी पट्टी उमटायची. बातमी जितकी आनंदाची, तितकी पट्टी गडद.

हे मला कळायला डिसेंबर उजाडला. तोवर आम्हाला एवढंच दिसत होतं, की पोरीचे फोन आखडत चाललेत. आधी रोज, मग एक दिवसाआड, मग रविवारी पाच मिनिटं. दिवाळीला ती आलीच नाही. "मैत्रिणीच्या घरी नाशिकला चाललेय," असा मेसेज आला. वहिनीने तिच्यासाठी केलेला कडबोळ्यांचा डबा पाडवा उलटला तरी बंदच होता. मला पोरीचा भयंकर संताप आला. पुण्याला जाऊन चार महिने झाले नाहीत तोवर हिला आईबाप जड झाले, असंच मी धरून चालले. दादा एवढंच म्हणाला, "मोठी झाली ती." मग आरशासमोर जाऊन त्याने गाल फुगवायला सुरुवात केली.

डिसेंबरात क्लिनिकसाठी एक मशीन बघायला मी पुण्याला गेले, आणि न कळवता हॉस्टेलवर थडकले. अन्वी मेसमध्ये जेवत होती. मला बघून उठली, मिठी मारली. वाळली होती. तिच्या शेजारी मानसी नावाची एक मुलगी बसली होती. ती तिच्या गावच्या यात्रेबद्दल काहीतरी सांगत होती, आणि सांगता सांगता वाक्य अर्ध्यावर टाकून ताट घेऊन निघून गेली.

"हिला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तिला दिसलं असेल, मला कंटाळा आलाय."

"मग तुला आला होता का कंटाळा?"

अन्वीने क्षणभर विचार केला. "माहीत नाही. पिवळी दिसली असेल तर आला असेल."

मला वाटलं, थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. मी मेसभर नजर फिरवली. शंभरेक मुली होत्या आणि गोंगाट म्हणून नव्हता. सगळ्या बोलत होत्या, पण प्रत्येकीच्या डोळ्यांवर तो चष्मा आणि नजर समोरचीच्या हनुवटीखाली. कोणी मोठ्याने हसलं नाही की कोणाचा आवाज चढला नाही.

"तुम्ही भांडत नाही का गं कधी?" मी विचारलं. "आमच्या हॉस्टेलात बादलीवरून रोज युद्ध व्हायचं."

"लाल व्हायच्या आधीच उठतो ना आम्ही. भांडायची वेळच येत नाही." हे तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत मला कळलं, की पाच महिन्यांत तिच्या तीन रूममेट बदलल्या. एकीशीही भांडण झालं नव्हतं. भांडणच नाही, तर मिटवायचं काय? समोरचीची पट्टी दोन-तीनदा पिवळी दिसली की खोली बदलून घ्यायची, ऑफिसात त्यासाठी छापील अर्ज होता.

मी विषय बदलला. "कबड्डी कशी चाललीय?"

"सोडली."

ही पोर नऊ वर्षांची असल्यापासून चढाई करते. दादाने तिला अंगणात फक्कीच्या रेषा मारून शिकवलं होतं. चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात समोरच्या सातजणी वाचायच्या. पायाकडे बघायचं नाही, पाय फसवतात. डोळ्यांत बघायचं. पकड करणारीचा इरादा आधी डोळ्यांत येतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि ही पोर वाचायची! सातवीत असताना शाळेच्या फायनलला हिने एका चढाईत तिघी बाद केल्या होत्या.

"मॅटवर चष्मा चालत नाही ना," अन्वी म्हणाली. "सप्टेंबरच्या शेवटी टीममध्ये निवड झाली माझी. तीन मॅच खेळले आणि प्रत्येक चढाईत सापडले. सर म्हणाले, हिला समोरचीच्या मनातलं काही कळतच नाही. आत्या, पूर्वी कसं कळायचं गं मला? आता नुसते चेहरे दिसतात."

तिचा आवाज साधाच होता.

"दादाला सांगितलंस?"

"निवड झाली तेव्हा सांगितलं ना." तिने ताट बाजूला सारलं. "आत्या, पप्पा मला तुच्छ समजतात."

"काय?"

"खरंच. मी काहीही चांगलं सांगितलं की त्यांची पट्टी जांभळी होते. गणितात पहिली आले, जांभळी. टीममध्ये निवड झाली, एवढी गडद मी कुणाचीच बघितली नाही. आणि सोडली म्हणून सांगितलं ना, तेव्हा एकदम शांत. हिरवी. म्हणजे सुटलो बुवा एकदाचे, असं."

तिने फोन काढला. कॉल साठवून ठेवले होते. निवड झाल्याचा कॉल तिने लावला. स्क्रीनवर माझा भाऊ होता. उजवा गाल वर चढलेला, उजवा डोळा आनंदाने बारीक झालेला, डाव्या डोळ्यातून पाणी येतंय. गेल्या चार महिन्यांत मी त्याला इतका खूश बघितला नव्हता. हनुवटीखाली जांभळी पट्टी.

"नीट बघ अन्वी," मी म्हणाले. "पट्टीकडे नको, चेहऱ्याकडे बघ."

तिने बघितलं. मनापासून बघितलं, खोटं का बोलू. मग म्हणाली, "बघतेय की. जांभळीच आहे."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण तिची शपथ आडवी आली. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरीही आली. मी म्हणाले, "तुझ्या बापाला तुझा किती अभिमान आहे ते मला माहीत आहे."

अन्वीने माझ्या हनुवटीखाली बघितलं. "आत्या, तुझी पट्टी सारखी बदलतेय. तू काहीतरी लपवतेयस."

यंत्र इथे खरं बोलत होतं. माझा चेहरा दोन्ही बाजूंनी धड आहे.

परत आल्यावर मी दादाला सगळं सांगितलं. तो ओसरीवरच्या खुर्चीत बसून ऐकत होता. कबड्डी सोडल्याचं त्याला माहीत होतं, कारण मात्र आज कळत होतं. मी म्हणाले, आता पुरे झालं, तिला सांगून टाकू. तो म्हणाला, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली की पुढची परीक्षा येतेच, हे मास्तरला मी काय सांगणार!

मी कंपनीला पत्र लिहिलं. खरमरीत लिहिलं. चौथ्या दिवशी गोड भाषेत उत्तर आलं. चेहरा-अपवाद असा एक अर्ज होता. डॉक्टरचा दाखला जोडायचा, तीन बाजूंनी फोटो द्यायचे. मग दादाच्या चेहऱ्याखाली जांभळीऐवजी करडी पट्टी येईल आणि तिच्यावर लिहिलेलं असेल, 'वाचता येत नाही'.

दादाने ते उत्तर दोनदा वाचलं. "म्हणजे पोरीला माझ्या तोंडाखाली हे दिसणार? वाचता येत नाही?"

"जांभळीपेक्षा बरं."

"नको." त्याने फोन माझ्या हातात परत दिला. थोड्या वेळाने विचारलं, "मी हसलोच नाही, तर काय दाखवतं ते?"

"हिरवी. शांत म्हणून."

"बरं," तो म्हणाला.

त्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. मी चेहऱ्यांची जाणकार ना! शपथ पाळली ही माझी पहिली चूक. ही दुसरी.

जानेवारीत अन्वीचा मला आपणहून फोन आला. आवाजात जीव होता. "आत्या, पप्पा बदललेत गं! तू काय बोललीस त्यांना? एकदम हिरवे झालेत. मी काहीही सांगते आणि ते शांतपणे ऐकतात." फोन पुन्हा रोज यायला लागले होते, चाळीस-चाळीस मिनिटं. वहिनीही लांबून पोरीचा आवाज ऐकून घ्यायची. मी म्हटलं, चला, बापलेकीचं त्यांचं त्यांनी जुळवलं. नस सुधारली की सांगू सावकाश.

पण नस सुधारत नव्हती. हसताना ओठाचा डावा कोपरा किती सरकतो हे मी दर महिन्याला मोजपट्टी लावून मोजते. डिसेंबरात चार मिलिमीटर होता. फेब्रुवारीत दोन. "व्यायाम करतोयस ना?" विचारलं तर "हो तर," म्हणाला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. उजवा गालही हलला नाही. मला ते खटकलं. त्याच संध्याकाळी सहाला मी न सांगता त्याच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. दादा आरशासमोर बसला होता आणि वहिनी बाजूला स्टुलावर. ती त्याला गेल्या वर्षीच्या बक्षीस समारंभाची गोष्ट सांगत होती. पाहुण्यांनी फीत म्हणून माइकची वायर कापली आणि हेडसर मुक्या माइकवर भाषण करत राहिले, ती गोष्ट. ही गोष्ट निघाली की दादा पूर्वी खुर्चीवरून पडायचा. वहिनी सांगत होती आणि तिच्या आवाजात हसू औषधालाही नव्हतं. दादा आरशात स्वतःकडे बघत होता. चेहरा दगड. फक्त गुडघा थरथरत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

वहिनी उठून उभी राहिली. "रोजचंच हाय हे वन्सं. सहाला बसायचं, मी हसायचं बोलायचं, ह्यांनी हसायचं न्हाई. साडेसहाला पोरीचा फोन." आणि ती पदर तोंडाशी धरून आत निघून गेली.

मी दादाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सहा महिने होत आले होते. या दिवसांत स्नायूला काम मिळालं तर नस त्याला ओळखते, नाहीतर जे राहिलं ते राहिलं. आणि हा माणूस उलटा व्यायाम करत होता. धड होता तो उजवा गालही त्याने डाव्यासारखा थिजवून टाकला होता.

"ती रोज फोन करते आता," दादा शांतपणे म्हणाला. "मला सगळं सांगते. मेसमध्ये काय होतं, काय वाचलं. तू गालाचं काय घेऊन बसलीस?"

"दादा, तुझं हसू जाईल."

"जाऊ दे की. हसून पोरगी गेली होती."

घड्याळात साडेसहा व्हायला आले होते. दादाने केस विंचरले आणि फोनसमोर जाऊन बसला. मी मागे उभी राहून बघितलं. पोरगी काहीतरी गमतीचं सांगत होती, स्वतःच खिदळत होती, आणि माझा भाऊ पुतळ्यासारखा तिच्याकडे बघत होता. पोरीला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. तिला हिरवं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडायच्या आधी मी अन्वीला फोन लावला आणि शपथ मोडली.

तिने विचारलं, "वारं गेलं होतं? कुठल्या बाजूचं?"

"तू सांग," मी म्हणाले. "सप्टेंबरपासून बघतेयस त्याला."

तिला सांगता आलं नाही. तिने एकदा उजवी म्हटलं, मग नाही, डावी, मग पुन्हा उजवी. आणि मग फोनवर नुसतं रडणं ऐकू यायला लागलं. मी फार कठोर वागले का? वागले असेन. मला ते करावंसं वाटलं.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने ती विट्यात उतरली. मी स्टँडवर घ्यायला गेले होते. फाटकाशी आल्यावर तिने चष्मा काढला, घडी घालून माझ्या पर्समध्ये टाकला. चष्म्याशिवाय तिच्या नाकावर दोन लालसर खुणा होत्या.

दादा अंगणात झाडांना पाणी घालत होता. पोरीला बघून त्याच्या हातातला पाइप तसाच चालू राहिला आणि पाणी पायावर पडत राहिलं. चेहरा मात्र त्याने लगेच सरळ केला. सवयीने. माझ्याकडे बघितलं, आणि मी सांगून मोकळी झालेय हे त्याला कळलं. त्याला चष्मा लागत नाही.

"पप्पा, हसा," अन्वी म्हणाली.

"अगं आधी आत तर ये. चहा—"

"हसा ना."

"नको गं. वाकडं दिसतं."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती, पिठाचे हात तसेच. अन्वी दादाच्या पुढ्यात गेली, अगदी हाताच्या अंतरावर. दादाने इकडेतिकडे बघितलं, आणि मग दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं पोरगी घरी आलेली बघून त्याला आवरलं नाही. उजवा कोपरा वर गेला. डावा जागेवरच राहिला.

मी अन्वीकडे बघत होते. तिची नजर पहिल्यांदा कुठे गेली ते मी पाहिलं. त्याच्या हनुवटीखाली. तिथे काही नव्हतं, शाळेच्या टी-शर्टची कॉलर होती. मग तिने नजर वर आणली. बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली, तोंड कसनुसं झालं. एक पाऊल मागेही गेलं तिचं.

"मला कळत नाहीये," ती म्हणाली. "आत्या, मला खरंच कळत नाहीये. तेच दिसतंय. जांभळंच दिसतंय."

यंत्र पर्समध्ये होतं, पण त्याचे नियम तिच्या डोळ्यांतच जाऊन बसले होते. मी सांगणार होते की खरं हसताना डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आपोआप आवळतो, ठरवून तो फारसा कुणाला आवळता येत नाही, तुच्छतेत तर तो हलतही नाही. पण दादाने मला हाताने थांबवलं. पाइप खाली टाकला. गुडघ्यांत किंचित वाकून उभा राहिला, अंगणात फक्कीच्या रेषा होत्या तेव्हा राहायचा तसा.

"तोंड फसवतं," तो म्हणाला. "पाय फसवतात तसं. कुठं बघायचं?"

अन्वीने नाक पुसलं. "डोळ्यांत."

"मग बघ की."

ती पुढे आली. त्याच्या डोळ्यांत बघायला लागली. आधी डाव्या, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. शेजारच्या घरातला मिक्सर सुरू झाला आणि बंद झाला. दादा हलला नाही. पाण्याचं थारोळं तिच्या बुटांपर्यंत आलं, तरी ती बघत होती. मी तिच्या चेहऱ्यावर कष्ट बघत होते, परक्या लिपीतलं नाव वाचताना माणूस करतो तसले. एवढी मोठी पोर, एकोणीस वर्षांची, स्वतःच्या बापासमोर उभी.

"उजवा बारीक झालाय," शेवटी ती म्हणाली. "कडेला सुरकुत्या आल्यात. डाव्यातून पाणी येतंय."

"मग?"

"मग..." तिचा आवाज फाटला. "तुम्ही हसताय. पप्पा, तुम्ही खूश आहात?"

"सप्टेंबरपासून," दादा म्हणाला.

वहिनीने दारातल्या दारात पिठाच्या हातांनीच तोंड झाकून घेतलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि डावा गाल आता पुरता येणार नाही हे मला माहीत आहे. त्यातला थोडा वाटा नशिबाचा, थोडा त्या यंत्राचा, आणि बाकीचा माझ्या गप्प बसण्याचा. अन्वीचं किती परत येईल ते मात्र मला सांगता येत नाही. संध्याकाळच्या गाडीने ती परत जाणार होती, त्याच मेसमध्ये, त्याच शंभर मुलींत. चष्मा माझ्या पर्समध्येच होता आणि तो मागायचा की नाही हे तिचं तिला ठरवायचं होतं.

दादा ओसरीवर गेला. खुंटीवरची शिट्टी त्याने काढली. ऑगस्टपासून तिला कुणी हात लावला नव्हता, शाळेत तो टाळ्या वाजवून पोरांना थांबवायचा. टी-शर्टच्या टोकाने तिच्यावरची धूळ पुसून तो अंगणात आला.

"चढाई किती सेकंदांची?" त्याने पंचाच्या आवाजात विचारलं.

"तीस."

"तू दोन मिनिटं लावलीस. बाद."

अन्वी रडता रडता हसली. दादाने शिट्टी ओठात धरली आणि फुंकली. फुस्स झालं. हवा डावीकडून निघून गेली. त्याने पुन्हा फुंकली, पुन्हा तेच. त्याची मान खाली गेली.

अन्वीने कुणालाच काही विचारलं नाही. पुढे झाली, त्याच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं आणि म्हणाली, "आता वाजवा."